सम कुठी हाये? स्वरलिपी छापणाऱ्या सॉफ्टवेअरकडे नवी सोय मागताना

तिवसा तालुक्यातल्या आमच्या गावाच्या भजनी मंडळाची एक जुनी वही आहे. तिच्यात ४० भजनं, सगळी स्वरांसकट. पेटी वाजवणाऱ्या काकाजींनी ती हातानं लिहून काढली होती. पावसाळ्यात सभामंडप गळला, वही भिजली, निम्म्या पानांवरची शाई पसरली. तेव्हा ती संगणकावर उतरवायचं काम मी अंगावर घेतलं आणि त्यासाठी लिलीपाँड हे स्वरलिपी छापणारं सॉफ्टवेअर निवडलं. पहिलं भजन छापून काकाजींच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून पान नीट पाहिलं, पेटीवर ओळ वाजवून पाहिली आणि विचारलं, "सूर तं बरोबर हायेत भाऊ, पन याच्यात सम कुठी हाये?"

सम म्हणजे तालाच्या फेऱ्याची पहिली मात्रा, जिथून ताल पुन्हा सुरू होतो. ती कुठेच छापलेली नव्हती. एकही सूर चुकलेला नसताना ते पान तबलजीच्या काही कामाचं नव्हतं. ही सोय सॉफ्टवेअरमध्ये यायला हवी, असं वाटलं तेव्हापासून ती रीतसर मागेपर्यंत काय काय करावं लागतं, ते इथे क्रमानं लिहितो आहे. उदाहरण समेच्या खुणेचं असलं तरी मींड, कणस्वर, खंजिरीचे बोल, काहीही मागायचं असेल तरी वाट हीच आहे.

लिलीपाँड कधी वापरलं नसेल त्यांच्यासाठी थोडं. हान-वेन नीनहॉइस आणि यान न्यूवेनहॉइझन या दोन डच संगीतप्रेमींनी १९९६ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. तो जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाचा भाग आहे, फुकट आहे आणि त्याचा सोर्स कोड कुणालाही पाहता येतो, बदलता येतो. यात माउसनं स्वर ओढून ठेवायचे नसतात. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये स्वर, काल, शब्द लिहायचे. प्रोग्राम ती फाइल वाचतो आणि पान आखून पीडीएफ देतो. आमच्यासारख्या ठिकाणी याचा मोठा फायदा आहे. एका भजनाची फाइल काही केबींची असते, व्हॉट्सॲपवर सहज जाते, जुन्या लॅपटॉपवर नेटशिवाय चालते आणि मध्येच लाइट गेली तरी फार काही गमावत नाही.

आधी जे आहे ते पूर्ण शोधा

मागणी लिहायला बसण्याआधी ती सोय आधीच आहे का, हे पाहण्यात दोन-तीन संध्याकाळी गेल्या तरी जाऊ द्या. लिलीपाँडची कागदपत्रं भरपूर आहेत: शिकण्यासाठी एक पुस्तक, सगळ्या चिन्हांचं संदर्भपुस्तक, आतल्या रचनेचं वेगळं पुस्तक आणि छोट्या तयार तुकड्यांचा संग्रह. हे सगळं डाउनलोड करून ठेवता येतं. तालुक्याच्या गावी नेट चांगलं मिळतं तिथे एकदाच उतरवून घ्या आणि घरी निवांत शोधा.

शोधताना आपला शब्द टाकून थांबू नका. "ताल" किंवा "सम" टाकलं तर हाती काही लागणार नाही. आपल्याला जे कागदावर दिसायला हवं आहे, त्याचं पाश्चात्त्य नाव काय असेल ते शोधा. विभाग म्हटलं की मापाचे गट, खूण म्हटलं की स्वरावरचा मजकूर, मुखडा अधल्यामधल्या मात्रेवरून उठतो म्हटलं की अपूर्ण पहिलं माप. (विभाग म्हणजे तालातल्या मात्रांचा गट, मुखडा म्हणजे गाण्याची सुरुवातीची, पुन्हा पुन्हा येणारी ओळ, आणि माप म्हणजे पाश्चात्त्य लिपीत दोन उभ्या दांड्यांमधला भाग.) या वाटेनं मला तीन गोष्टी सापडल्या, आणि तिन्हींनी माझी मागणी बदलली.

पहिली गोष्ट म्हणजे, ताल सांगताना त्याचे गटही सांगता येतात. सात मात्रांचं माप ३, २, २ असं तोडून लिहिता येतं. म्हणजे सात मात्रांच्या रूपक तालाचे विभाग प्रोग्रामला आधीच सांगता येतात; तो ही माहिती फक्त छोट्या स्वरांच्या दांड्या कशा जोडायच्या यासाठी वापरतो, खुणा छापण्यासाठी नाही. दुसरी गोष्ट, पहिलं माप अपूर्ण ठेवण्याची आज्ञा आहे, तिचं नाव "पार्शल". पाचव्या मात्रेवरून उठणारं केहरव्यातलं, म्हणजे आठ मात्रांच्या तालातलं, भजन तिनं नीट बसतं. तिसरी गोष्ट सगळ्यात उपयोगी ठरली: संदर्भपुस्तकात जगभरच्या संगीतावर एक प्रकरण आहे, त्यात अरबी आणि तुर्की संगीतासाठी वेगळ्या सोयी दिल्या आहेत. स्कॉटिश बॅगपाइपसाठीसुद्धा एक वेगळी जोड-फाइल प्रोग्रामसोबतच येते. पाश्चात्त्य नसलेल्या किंवा एकाच वाद्यापुरत्या परंपरेसाठी या प्रकल्पात जागा आहे, आणि ती जागा कोणत्या रूपात दिली जाते, हे यावरून कळतं. प्रस्तावात अशा पूर्वीच्या उदाहरणाकडे बोट दाखवता आलं तर अर्धं काम होतं.

वापरतो ती आवृत्तीही पाहा. लिलीपाँडच्या आवृत्तीचा मधला आकडा (२.२४.० मधला २४) दोननं भाग जाणारा असेल तर ती स्थिर आवृत्ती, विषम असेल तर विकासातली. २.२४ ही स्थिर आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली, २.२५ ची मालिका विकासाची. जुन्या आवृत्तीवर बसून मागणी केली आणि ती सोय नव्यात आलेली असली, तर वाचणाऱ्याचा वेळ जातो. नव्या आवृत्तीतल्या बदलांची यादी वेगळी मिळते, ती वाचून घ्या.

आज कसं निभावताय ते मोजा

मी सुरुवातीला खुणा हातानं घालत होतो. केहरव्याची मात्रा १ ते ४ आणि ५ ते ८. पहिलीवर समेची फुली, पाचवीवर खालीचं (टाळी न देता हात बाजूला नेण्याच्या जागेचं) शून्य. एका आवर्तनात, म्हणजे तालाच्या एका फेऱ्यात, दोन खुणा. भजन साधारण १२ आवर्तनांचं धरलं आणि भजनं ४०, तर ९६० खुणा एकेका स्वरावर लिहायच्या. एका जागी मात्रा चुकली की पुढच्या सगळ्या खुणा सरकतात.

हा आकडा घेऊनच मागणी पाठवणार होतो. नागपूरला इंजिनिअरिंग करणाऱ्या पुतणीला टिपण दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "काका, ज्या खुणा दर आठ मात्रांनी त्याच येतात, त्या स्वरावर कशाला लिहिता?" तिनं सुचवलेला उपाय साधा होता. गाण्याच्या शेजारी एक मूक ओळ चालवायची. तिच्यात स्वर नाहीत, नुसता काल. चार मात्रांवर फुली, पुढच्या चार मात्रांवर शून्य, आणि हे १२ वेळा फिरवा. लिलीपाँडमध्ये दोन ओळी एकाच वेळी चालवता येतात, त्यामुळे खुणा गाण्याच्या डोक्यावर आपोआप बसल्या. ९६० चं काम एका ओळीवर आलं.

तेव्हा वाटलं, मागणीच संपली. पण मूक ओळ चार-पाच भजनांवर चालवून पाहिली तशा तिच्या मर्यादा दिसू लागल्या. आवर्तनं हातानं मोजावी लागतात. गाण्यात एक ओळ वाढवली की मूक ओळीतही वाढवावी लागते, नाहीतर शेवटच्या आवर्तनावर खूणच येत नाही. मध्येच ठेका बदलला, दादऱ्यातून केहरव्यात गेलं, तर दोन्हीकडे बदलायचं. आणि ओळ कुठे तोडायची हा प्रश्न तसाच राहतो. तो जरा नीट सांगतो, कारण खरी मागणी तिथे आहे.

विष्णु नारायण भातखंडे यांच्या स्वरलिपीच्या पद्धतीनं छापलेल्या पुस्तकात भजनाची ओळ मुखड्यापासून सुरू होते. मुखडा खालीवर उठत असेल तर कागदावरची ओळ खालीपासून सुरू होते आणि सम ओळीच्या मधोमध येते. डोळ्याला ते बरोबर वाटतं, कारण गाणारा तिथूनच श्वास घेतो. लिलीपाँड मात्र एरवी मापाच्या दांडीवरच ओळ तोडतं. एक माप म्हणजे एक आवर्तन धरलं तर प्रत्येक ओळ समेपासून सुरू होते आणि मुखडा दोन ओळींत फाटतो. एक माप म्हणजे एक विभाग धरलं तर ओळ हवी तिथे तुटते, पण मापांचे आकडे आवर्तनांचे न राहता विभागांचे होतात, आणि कितवं आवर्तन चाललं आहे ते कळत नाही. मधल्या मात्रेवर अदृश्य दांडी घालून ओळ तोडता येते, तशी मुभा आहे, पण तीही एकेका जागी घालावी लागते.

सध्याचा मार्ग काय आहे, तो कुठपर्यंत पुरतो आणि कुठे कमी पडतो, हे असं प्रामाणिकपणे लिहिलं की मागणी लहान होते आणि ठोस होते. "भारतीय संगीताला आधार द्या" ही मागणी कुणी हातात घेणार नाही. "ताल एकदा सांगितला की विभागांच्या खुणा गाण्याच्या लांबीपर्यंत आपोआप याव्यात आणि विभागावर ओळ तोडायला परवानगी असावी" ही मागणी एखादा माणूस आठवडाभरात विचारात घेऊ शकतो.

मागणी कोणत्या थरातली आहे ते ओळखा

मजकुरावरून पान आखणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम तीन टप्प्यांत होतं. आधी ते तुमची फाइल वाचतं. हा भाषेचा टप्पा. मग वाचलेल्याचा सांगीतिक अर्थ लावतं: हा स्वर कितव्या मात्रेवर आहे, माप संपलं का. शेवटी चित्र काढतं: कोणतं चिन्ह कुठे, किती अंतरावर, ओळ कुठे तुटणार.

आपली अडचण कोणत्या टप्प्यावर आहे हे सांगितलं तर ऐकणारा लगेच समजतो. स्वरांची नावं सा, रे, ग अशी लिहिता यावीत, ही भाषेची मागणी. समेची खूण ही मधल्या आणि शेवटच्या टप्प्याची: मापात आपण कितव्या मात्रेवर आहोत हे प्रोग्राम आत मोजतच असतो, त्या मोजणीवरून चिन्ह काढायचं आहे. कोमल स्वराखालची रेघ ही निव्वळ चित्राची.

एक काळजी घ्या. नवी भाषा मागणं सगळ्यात सोपं वाटतं आणि देणाऱ्याला सगळ्यात जड जातं. एकदा एखादी आज्ञा भाषेत आली की ती वर्षानुवर्षं सांभाळावी लागते. लिलीपाँडसोबत जुन्या फाइली नव्या आवृत्तीत बदलून देणारा वेगळा प्रोग्राम येतो, तो यासाठीच. त्यामुळे जे जोड-फाइलनं होईल ते जोड-फाइलनं मागा. लिलीपाँडचा गाभा सी प्लस प्लस आणि स्कीम या भाषांत लिहिलेला आहे, आणि स्कीमचा कोड तुमच्या स्वतःच्या फाइलमध्येही लिहिता येतो. म्हणजे प्रोग्राम नव्यानं न बांधता सोयीचा नमुना करून दाखवता येतो. स्कीम येत नसेल तर शेजारच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या एखाद्या मुलाला बसवा. कोड तो लिहील, सम तुम्ही दाखवा.

एबीसी नावाची दुसरी मजकुरी स्वरलिपी वापरत असाल तर इथे फरक आहे. लिलीपाँड हा एक प्रोग्राम आहे. एबीसी हे लिहिण्याचं मानक आहे, त्याची २.१ ही आवृत्ती डिसेंबर २०११ ची, आणि ते वाचणारे प्रोग्राम अनेक. तिथे मानकात बदल मागायचा की एखाद्या प्रोग्रामपुरती खास सूचना मागायची, हे आधी ठरवावं लागतं. टक्क्याच्या दोन चिन्हांनी सुरू होणाऱ्या ओळी अशा खास सूचनांसाठीच असतात. पहिल्यांदा तिथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे.

एका टिपणात एकच मागणी

भातखंडे पद्धतीत मंद्र (खालच्या सप्तकातल्या) स्वराखाली टिंब, तार (वरच्या सप्तकातल्या) स्वरावर टिंब, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, एका मात्रेतल्या अनेक स्वरांखाली कमान, स्वर लांबवायला आडवी रेघ, शब्द लांबवायला अवग्रह. हे सगळंच हवं असतं. मलाही हवं आहे. तरी एका टिपणात घालू नका. प्रत्येकाची अडचण वेगळी असते आणि एकाच्या वादात दुसरं अडकतं.

टिंबाचंच पाहा. तार सप्तकातला सा आपण सर्रास "सां" असा टाइप करतो. दिसायला बरोबर दिसतो, पण संगणकाच्या लेखी तो अनुस्वार आहे, उच्चार "साम्" सारखा. मंद्र ध साठी "ध़" लिहितो, तो नुक्ता आहे. न खाली नुक्ता दिला की युनिकोडमध्ये (संगणकातल्या अक्षरांच्या मानकात) त्याचं "ऩ" हे एक वेगळंच अक्षर तयार आहे, त्यामुळे "ऩि" शोधताना कधी सापडते, कधी नाही. वर-खाली टिंब देणारी स्वतंत्र जोडचिन्हं युनिकोडमध्ये आहेत, पण बऱ्याच देवनागरी फॉन्टांत ती "नि" च्या वेलांटीवर नीट बसत नाहीत. म्हणजे टिंबाचा प्रश्न अर्धा फॉन्टचा, अर्धा टाइप करण्याच्या सवयीचा आहे. तो समेच्या खुणेच्या टिपणात आला तर सगळी चर्चा फॉन्टवर जाईल आणि सम बाजूला राहील.

छोटं उदाहरण, ज्यात दुसरं काहीच नाही

प्रस्तावाचा जीव उदाहरणात असतो. पूर्ण भजन जोडू नका. दोन आवर्तनं पुरेत, एकच स्वर-ओळ, शब्द शक्यतो नकोत, सजावट नको. फाइलच्या पहिल्या ओळीत आवृत्तीचा आकडा. ती फाइल दुसऱ्या कुणाच्या संगणकावर जशीच्या तशी चालली पाहिजे. पाठवण्याआधी मित्राच्या लॅपटॉपवर चालवून बघा.

मी दिलेल्या उदाहरणातलं एक आवर्तन कागदावर असं दिसतं:

मात्रा: ५ ६ ७ ८ | १ २ ३ ४
खूण: ० | ×
स्वर: प – ध प | म ग रे सा

हे माझं स्वतःचं, चाचणीसाठी बनवलेलं. असंच करा. आमच्या भागात सहज हात जातो तो तुकडोजी महाराजांच्या भजनाकडे. महाराज गेले ११ ऑक्टोबर १९६८ ला. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढचं कॅलेंडर वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षं हक्क राहतो. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनांवर २०२८ च्या अखेरपर्यंत. मंडळात गाणं वेगळं आणि जगभर वाटल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चाचणीत ती ओळ घालणं वेगळं. साधा पलटा (सरावाचा स्वरक्रम) घेतला की हा प्रश्नच येत नाही.

उदाहरणासोबत दोन चित्रं द्या: आज प्रोग्राम काय छापतो, आणि काय छापायला हवं. दुसरं चित्र हातानं काढलेलं चालतं. आखीव वहीत काळ्या पेननं काढा, सकाळच्या उजेडात ओट्यावर वही सपाट ठेवून वरून फोटो घ्या, सावली पडू देऊ नका. खुणांच्या जागी बाण काढा. काकाजींच्या वहीतल्या कोरड्या राहिलेल्या एका पानाचा फोटो मी जोडला. "अशी पद्धत आहे" असं सांगण्यापेक्षा ते पान जास्त बोलतं.

ज्याला ताल माहीत नाही त्याच्यासाठी लिहा

वाचणारा कदाचित जर्मनीतला ऑर्गनवादक असेल. त्याला आपल्या संगीताची थोरवी सांगू नका. माझ्या पहिल्या मसुद्यात दोन पानं तीच होती, ती सगळी काढली. त्याला चार शब्दांचे अर्थ हवे आहेत: आवर्तन, विभाग, सम, खाली. प्रत्येकी एक-दोन वाक्यं.

खालीचा अर्थ सांगताना फार जपावं लागतं. "दुबळी मात्रा" असं लिहिलं तर तो समजेल की आवाज कमी करायचा आहे. खाली म्हणजे जिथे हातानं टाळी न देता हात बाजूला नेतात ती जागा. तबल्यावर खालीच्या भागात बायाचा (डाव्या हाताच्या तबल्याचा) घुमारा काढून घेतात. पण तीनताल बघा: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. खालीची खूण नवव्या मात्रेवर आणि नववीचा बोल "धा", उघडा. बंद बोल दहावीपासून सुरू होतात. म्हणजे खुणेची जागा आवाजावरून काढता येत नाही, ती लिहिणाऱ्यानं सांगायलाच हवी. हे एक उदाहरण दिलं की "प्रोग्रामनं स्वतःच ओळखावं का" हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनातच मिटतो.

इंग्रजी अडत असेल तर वाक्यं आखूड ठेवा. एका वाक्यात एक गोष्ट. "आज असं होतं. मला असं हवं. कारण हे." एवढं इंग्रजी दहावीपर्यंत शिकलेल्या माणसाला लिहिता येतं. आपले शब्द रोमन लिपीत द्या, जिथे चित्रात देवनागरी आहे तिथे शेजारी रोमन उच्चार लिहा. भाषांतराच्या ॲपनं केलेलं इंग्रजी पाठवण्याआधी एकदा उलटं मराठी करून वाचा. "सम" चं काय झालं आहे ते तिथे लगेच दिसतं.

अडचणीच्या जागा आधीच दाखवा

साधं उदाहरण चाललं की काम झालं असं सगळ्यांना वाटतं. कुठे मोडेल ते ज्याला ताल माहीत आहे त्यालाच सांगता येतं, म्हणून इथे कंजुषी करू नका.

रूपक पहिला. सात मात्रा, ३, २, २. ठेका ती ती ना, धी ना, धी ना. इथे समेवरच खाली आहे. "पहिल्या मात्रेवर नेहमी फुली" असा नियम प्रोग्राममध्ये घातला तर रूपक चुकीचा छापला जाईल. आणि ही खूण कशी छापायची याच्या पद्धती पुस्तकागणिक वेगळ्या आहेत, म्हणून खुणा ठरवण्याचा अधिकार लिहिणाऱ्याकडे हवा.

झपताल २, ३, २, ३ आणि धमार ५, २, ३, ४. विभाग सारखे नसतात, हे या दोन आकड्यांनी कळतं.

मग दुगुण, म्हणजे दुप्पट लय. आठ मात्रांच्या आवर्तनात १६ स्वर आले तरी खुणा जागच्या हलायला नकोत. मध्येच ताल बदलणं, शेवटच्या ओळीची पुनरावृत्ती, अपूर्ण पहिलं माप, दोन आवाजांच्या दोन ओळी असतील तर खुणा फक्त वरच्या ओळीवर: हे प्रत्येकी एका ओळीत लिहा. लिलीपाँड मिडीची ध्वनिफाइलही बनवतं, तिच्यात या खुणांनी काही बदल होऊ नये, हेही.

पद्धतींचा फरकही झाकू नका. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांची लिपी आपल्याकडे जास्त चालते, पण विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांची वेगळी आहे आणि ती शिकलेले लोकही आहेत. तुमची मागणी भातखंडे पद्धतीपुरती असेल तर तसं स्पष्ट लिहा. उद्या दुसरं कुणी येऊन "हे चूक आहे" म्हणालं तर काम थांबू नये.

टिपणाचा सांगाडा

माझं टिपण शेवटी दीड पानावर आलं. क्रम असा ठेवला:

शीर्षक: तालाच्या विभागांवर खुणा छापणे आणि विभागावर ओळ तोडणे.
अडचण: भातखंडे पद्धतीत आवर्तनाच्या प्रत्येक विभागावर खूण असते आणि गाण्याची ओळ कोणत्याही विभागापासून सुरू होऊ शकते. आज हे आपोआप होत नाही.
आजचा मार्ग: शेजारी मूक ओळ आणि अदृश्य दांड्या. फाइल जोडली आहे. आवर्तनं हातानं मोजावी लागतात. ताल बदलला की दोन ठिकाणी दुरुस्ती.
हवं ते: ताल, विभाग आणि खुणा एकदाच सांगाव्यात. चित्र जोडलं आहे.
अडचणीच्या जागा: रूपक, दुगुण, मधला तालबदल, अपूर्ण माप.
लिहिण्याची एक शक्यता: जोड-फाइल. दुसरा मार्ग बरा वाटल्यास तोही चालेल.
मी काय करू शकतो: उदाहरणं, तपासणी, संदर्भपुस्तकासाठी मजकूर.

आज्ञा कशी असावी ते सुचवा, पण शेवटी. "हवं ते" आणि "लिहिण्याची शक्यता" वेगळी ठेवली की सोय देणारा आपल्या पद्धतीनं विचार करू शकतो. त्याला प्रोग्रामचा आतला भाग आपल्यापेक्षा चांगला माहीत आहे.

शेवटचा मुद्दा, आपण काय देऊ शकतो, अजिबात गाळू नका. ही माणसं बहुतेक स्वयंसेवक आहेत. आठवड्यात किती वेळ देता येईल ते खरं खरं लिहा. सोयाबीनच्या सोंगणीत आणि कापसाच्या वेचणीत मला पंधरा-पंधरा दिवस लॅपटॉप उघडता येत नाही, तेही मी लिहिलं. उत्तर उशिरा आलं तर माणूस पळाला असं वाटायला नको.

कुठे द्यायचं आणि नंतर काय होतं

लिलीपाँडचं काम २०२० पासून गिटलॅब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर चालतं. मागण्या आणि दोष तिथेच नोंदवले जातात. नवी नोंद करण्याआधी जुन्या नोंदींत शोधा. बंद झालेल्या नोंदीही पाहा, कारण एखादी गोष्ट का नाकारली गेली ते तिथे लिहिलेलं असतं. तीच मागणी आधी कुणी केली असेल तर तिच्याखालीच आपलं उदाहरण जोडा.

कुणी काम हाती घेतलं की कोड आधी परीक्षणाला ठेवला जातो आणि मगच मुख्य प्रोग्राममध्ये जातो. सोबत एक छोटी चाचणी-फाइल लागते. प्रत्येक बदलानंतर अशा शेकडो फाइली छापून आधीच्या चित्रांशी ताडून पाहिल्या जातात, म्हणजे एकाची दुरुस्ती करताना दुसरं मोडलं तर दिसतं. तुमचं दोन आवर्तनांचं उदाहरण नीट बेतलेलं असेल तर तेच ही चाचणी-फाइल होऊ शकतं. ते लहान ठेवा म्हणतो त्याचं हे दुसरं कारण.

प्रश्न येतील. "हे इतर तालांत असंच असतं का?", "छापील पुस्तकात कुठे आहे?" अशा प्रश्नांना चिडू नका. प्रत्येक प्रश्नाला एक उदाहरण आणि एक फोटो द्या. विरोध झाला तर तो कोणत्या थराला आहे ते पाहा. भाषेत बदल नको म्हणत असतील तर जोड-फाइलवर या. काहीच उत्तर आलं नाही तर महिन्या-दोन महिन्यांनी नवा मुद्दा असेल तरच लिहा: दुसरं भजन, दुसरा ताल, नव्या आवृत्तीवर केलेली तपासणी. नुसती आठवण करून देणं टाळा.

तोवर काम थांबवायचं नाही. मूक ओळीचा उपाय मी एका जोड-फाइलमध्ये घातला आहे. त्यात केहरवा, दादरा, रूपक, झपताल असे ताल आहेत. भजनाच्या फाइलमध्ये फक्त तालाचं नाव आणि आवर्तनांचा आकडा लिहायचा. ४० पैकी ११ भजनं या रीतीनं झाली. प्रत्येक नवी आवृत्ती आली की ती अकराही छापून पाहतो.

मोझरीच्या तुकडोजी महाराज पुण्यतिथी महोत्सवाला जाण्याआधी ती पानं झेरॉक्स करून मंडळात वाटली. काकाजींनी लाल पेन घेऊन एकेक ओळ तपासली. दहा पानांवर काही नव्हतं. अकराव्या पानावर, रूपकातल्या भजनात, त्यांनी पहिल्या मात्रेवरची फुली गोल करून शेजारी शून्य काढलं आणि म्हणाले, "इथी टाळी नाई, भाऊ." मी जोड-फाइल दुरुस्त केली, आणि प्रस्तावातल्या अडचणीच्या जागांमध्ये रूपक तिसऱ्या क्रमांकावर होता, तो पहिल्यावर आणला.